रंगरावांचा न हलणारा काटा

रंगराव झांबरे कामाला बसले की माणूस पूजेला बसलाय असं वाटायचं. हडपसरला वजनकाट्यांच्या एका कारखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली. मग बाहेरचा माल आला, कारखान्याला टाळं लागलं, आणि पाच-सहा वर्षं मिळेल ते करून २००४ साली ते खराडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहायची. काट्यावर कॅन ठेवला की वजन वायरीतून कॉम्प्युटरात जाई आणि प्रिंटरवर पावती निघे. हे सगळं नीट चालतंय का, ते बघायला दिवसभर कुणीतरी वजनं उचलून ठेवायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे रंगराव. त्यांच्या पदाला भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण घरी ते एवढंच सांगत, काट्यावर बसतो.

आणि बसत कसे म्हणता! वजन असं ठेवायचे की आवाज नाही. आकडा थरथरायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचे, मग हात काढायचे. दिवसाला तीनशे वजनं, दोन वर्षं, एकही पावती चुकली नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

एका मंगळवारी दीपमालानं त्यांना हाक मारली. नांदेडकडची पोरगी, प्रोग्राम लिहायला नवी लागलेली, हुशार. ती म्हणाली, "काका, प्रोग्रामला काटा दिसत नाही. त्याला फक्त काट्याकडून येणारी अक्षरं दिसतात. मग तीच अक्षरं मी मेमरीत लिहून ठेवली आणि त्याला सांगितलं, हाच तुझा काटा. पावतीही प्रिंटरवर नाही, मेमरीतच दुसरीकडे छापायची."

रंगरावांना काही पटलं नाही. तिनं एक बटण दाबलं. पापणी लवली असेल नसेल, तीनशे वजनं होऊन तीनशे पावत्या पडद्यावर हजर. रंगरावांनी उठून वायर बघितली, ती सुटून लोंबत होती. प्रिंटरला हात लावून बघितला, थंडगार. काटा कोपऱ्यात शून्यावर. आपला दिवसभराचा घाम या पोरीनं चार ओळींत बसवला, आणि त्या प्रोग्रामला बिचाऱ्याला पत्ताही नाही की पलीकडे कुणी नाही. माणूस थक्क झाला. दोनदा, तीनदा त्यांनी तिला पुन्हा बटण दाबायला लावलं.

मग हळूच ध्यानात आलं, की आता आपलं इथं काय काम?

मालक दिग्विजय साहेबांच्याही ते ध्यानात आलं होतं. त्यांनी रंगरावांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि या महिनाअखेरीपासून आराम करा म्हणाले. पुण्यात कुणी चहा देऊन आराम करा म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. रंगरावांनी मान डोलावली आणि चहा तसाच ठेवला. पन्नाशीच्या माणसाला दुसऱ्यांदा घरी बसायचं म्हणजे काय, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्याच आठवड्यात शिरूरकडच्या एका केंद्रातून तक्रार आली. मैनाबाई म्हणून एक, घरी एकच म्हैस, आणि पावती निघाली एकशे बारा किलो चाळीसची! खरं वजन बारा चाळीस. गावभर हसू झालं, नि केंद्रवाला चिडला की शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर तुमचा प्रोग्राम घेऊन जा. दीपमालानं दोन दिवस मेमरीतला काटा चालवला. बारा चाळीस म्हटलं की बारा चाळीसच निघे. साहेबांनी केंद्रावर वजन करणाऱ्या माणसावर खापर फोडलं.

रंगरावांनी एवढंच विचारलं, पावती कोणत्या वेळची? पहाटेच्या गर्दीतली, असं कळलं. गर्दीत कॅन कसे आदळतात, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काटा जोडला, दीपमालाला वायरीतून येणारं अक्षर न् अक्षर दाखवायला सांगितलं, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बारा चाळीसचं वजन दाणकन आदळलं, आकडा स्थिर व्हायच्या आत हिसका देऊन उचललं, पुन्हा आदळलं. जीव कळवळत होता, काटा काय आदळायची वस्तू आहे? अकराव्या खेपेला पडद्यावर नुसता एक आला आणि ओळ तुटली. त्या एकाला चिकटून मागून बारा चाळीस आलं.

दीपमालानं वायर काढली आणि तीच तुटकी ओळ मेमरीत लिहिली. बटण दाबलं. पावती आली, एकशे बारा चाळीस.

रंगरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. कॅन नाही, हिसका नाही, गर्दी नाही, आणि तरी शिरूरची ती पहाट एका ओळीतून जशीच्या तशी उभी राहिली होती.

साहेब आले, बघितलं आणि विचारलं की हे दोन वर्षांत सापडलं कसं नाही? दीपमाला काही बोलणार, तेवढ्यात रंगरावच म्हणाले, "चूक माझी हाय, साहेब. मी काटा कधी हलूच दिला नाही. लोक कसं वजन करत्यात, ते प्रोग्रामला कधी दिसलंच नाही."

आता महिनाअखेरपर्यंतही कुणी ठेवायचं नाही, असं मनाशी म्हणत रंगरावांनी डब्याची पिशवी उचलली.

"काका, बसा," दीपमालानं खुर्ची ओढली. "काटा अजून काय काय करतो?"

ते बसले. बॅटरी उतरली की शेवटचा आकडा गळतो, म्हणाले. तिनं लिहिलं. भिजलेल्या काट्यावर वजन चढत राहतं, कॅन काढला तरी शून्य येत नाही. तेही लिहिलं. कारखान्यात परत आलेले काटे खोलताना जे जे बघितलं होतं, ते सगळं आठवत गेलं आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खुलला. एक्केचाळीस ओळी झाल्या. त्यातल्या नऊ ओळींवर प्रोग्राम साफ आडवा पडला. बावीस वर्षं हातात मुरलेलं सगळं त्या पडद्यावर दिसत होतं, आणि ते यंत्र त्यातलं अक्षर न् अक्षर खरं मानत होतं. रंगराव डोळे पुसायलाही विसरले.

दिग्विजय साहेब मागं उभेच होते. निघताना त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येताय?"

"रोजच्याच टायमाला," रंगराव म्हणाले.