खुळखुळणारं काडतूस

काडतूस कानाशी धरून हलवलं, तर आत खुळखुळ झाली. दुसरं उचललं, तेही खुळखुळलं. मग ट्रेमधली बरीचशी मी अशीच एकेक करून हलवून पाहिली. दाराशी बसलेला गार्ड माझ्याकडे टक लावून बघत होता. पन्नाशी उलटलेली बाई काडतुसं कानाला लावून ऐकत बसलीय म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याला वाटलं असणार. पण फायरिंगच्या नियमाप्रमाणे दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ लागतात. मी माझे वर सरकवले होते, त्याचे घट्ट होते. त्यामुळे त्याला विचारता येईना आणि मला सांगता येईना.

ही गोष्ट मोहने गावाच्या पुढे असलेल्या आमच्या कंपनीतली. आम्ही रायफलची सरावाची काडतुसं बनवतो. पोलिसात नव्याने भरती झालेली मुलंमुली नेमबाजी शिकतात, ती यांच्यावर. मी तिथली बॅलिस्टिक्स लॅब सांभाळते. म्हणजे तयार झालेलं काडतूस उडवून बघायचं, गोळी किती वेगाने गेली आणि बंदुकीच्या नळीत किती दाब आला ते मोजायचं, आणि 'पास' लिहून खाली सही करायची. माझी सही नसेल तर लॉट गेटबाहेर जात नाही. पूर्वी लॅबमध्ये आम्ही तिघं होतो. एक रिटायर झाले, एक हैदराबादला गेला. त्यांच्या जागा भरायचं मॅनेजमेंट दरवर्षी ठरवतं.

काडतूस समजायला सोपं असतं. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी बसवलेली गोळी, बुडाला छोटीशी कॅप आणि मधे पावडर. रायफलची पिन कॅपवर आपटते, कॅपची ठिणगी पावडरला लागते, पावडरचा गॅस होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. या पावडरला मराठीत दारू म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद माझे ऐकून झाले आहेत, नवा असेल तरच सांगा.

तिकडे परदेशात लढाई लांबली आणि जगातली पावडर तिकडे ओढली गेली. आमच्या नेहमीच्या सप्लायरने आधी उशीर होईल म्हणून कळवलं, मग सरळ हात वर केले. आमचे वर्क्स मॅनेजर नाईक साहेब महिनाभर फोनवर होते. शेवटी एका ट्रेडरकडून त्यांनी दुसरीच पावडर मिळवली आणि नवरदेव सापडल्यासारखे आनंदाने लॅबमध्ये आले. मॅडम, पटकन पास करा, लाइन थांबायला आलीय, म्हणाले.

आता पावडर संपली की दुसरी आणा, इतकं ते सोपं नसतं. आंबेमोहोर संपला म्हणून कुणी तेवढंच पाणी घालून उकडा तांदूळ शिजवत नाही. काही पावडर सावकाश जळते, काही भसकन. ही नवीन भसकन जळणारी होती. त्यामुळे ती कमी घालावी लागत होती. जुन्या पावडरने काडतूस गळ्यापर्यंत भरायचं, हिने निम्मंसुद्धा भरत नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांचे आकडे मात्र झकास आले. वेग सारखा, दाब मर्यादेत. मी सही करायला पेन उघडलं होतं. तेवढ्यात ट्रे आवरताना एक काडतूस हातातून निसटलं, टेबलावर गडगडत गेलं, आणि त्याच्यातून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. म्हणून ते कानाशी धरलं.

जुनं काडतूस कधी वाजायचं नाही. भरलेल्या डब्यात काय हलणार? इथे अर्धी जागा रिकामी होती आणि पावडर आत फिरत होती. लॅबमध्ये आम्ही काडतुसं लाकडी ठोकळ्यात उभी ठेवतो, गोळी वर आणि कॅप खाली. पावडर आपोआप कॅपपाशी जमते. तिथून उचलून अलगद टेस्ट बॅरलमध्ये, म्हणजे चाचणीच्या नळीत, सरकवतो. ही माझी वर्षानुवर्षांची सवय, आणि ती जुन्या पावडरला चालून जायची. पण काडतूस उलटं झालं तर? पावडर सगळी गोळीकडे जाणार आणि कॅपपाशी नुसती हवा राहणार.

दुसऱ्या दिवशी मी काडतुसं ठोकळ्यात उलटी उभी केली. टेस्ट बॅरल जाड सिमेंटच्या खोलीत पक्की बसवलेली असते. आपण भिंतीच्या बाहेरून दोरी ओढायची. पहिल्या काही गोळ्या हळू गेल्या, वेग खालीवर व्हायला लागला. मग एकदा दोरी ओढली आणि धाड आवाजाऐवजी 'फुस्' झालं. मशीनवर वेगाचा आकडाच आला नाही. नियमाप्रमाणे थांबले, मग आत गेले. गोळी नळीच्या मधोमध अडकून बसली होती.

हे नेमबाजीच्या रेंजवर झालं असतं तर काय, ते सांगते. नव्या मुलाला वाटतं, गोळी उडाली नाही. तो घाबरून पुढचं काडतूस भरतो आणि पुन्हा चाप ओढतो. पुढे नळी बंद, मागून दुसरी गोळी. नळी फुटते, आणि ती त्याच्या चेहऱ्याजवळ असते.

नाईक साहेबांना मी लॅबमध्ये बोलावून बॅरल दाखवली. त्यांनी वाकून आत बघितलं. माणूस वाईट नाही. ऑर्डर वेळेत गेली नाही तर वरून त्यांनाच ऐकावं लागणार होतं.

"मॅडम, तुम्ही शोधता म्हणून सापडतं," ते म्हणाले. "सरळ ठेवून मारली तर पास आहे ना?"

"आहे."

"मग बॉक्समध्ये एक सूचनेचा कागद टाकू. मारण्याआधी नळी वर करा म्हणून."

"साहेब, त्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवतात? रायफल हातात असली की नळी जमिनीकडे. सेफ्टीसाठी. हे काडतूस नेमकं त्यानेच बिघडतं."

ते दाराकडे वळले. बाहेर जाताना एवढंच म्हणाले, की लाइन उद्यापासून बंद करावी लागेल आणि ते पोरींना तुम्हीच सांगा.

पोरी म्हणजे काडतुसं भरणाऱ्या लाइनवरच्या मुली. सगळ्या काँट्रॅक्टवर. काम असेल तेवढा पगार, लाइन बंद तर घरी. बहुतेक मोहन्याच्या नाहीतर आसपासच्या गावांतल्या. त्यांची सुपरवायझर वैशाली. ती तिथलीच, आगरी घरातली, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्या कंपनीत माझी मैत्रीण म्हणावी अशी ती एकटी. दुपारचा डबा आम्ही स्टोअरच्या मागच्या बाकावर एकत्र खायचो. ती सुकटीची चटणी आणायची आणि मला शहरातल्या बायकांना तिखट सोसत नाही म्हणून चिडवायची. मी कोपरीत एकटीच राहते. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. रविवारी विहारात जाते, पण तिथेही मी मागच्या रांगेत बसते. पंचशीलातलं पहिलंच शील कुणाचा जीव घेऊ नये, असं आहे. ते म्हणताना माझा आवाज बारीक होतो. कुणी मला कधी काही बोललेलं नाही, माझं मलाच वाटतं. सांगायचा मुद्दा, दिवसभरात मनापासून बोलणं व्हायचं ते त्या बाकावर.

वैशालीला मी तिथेच सांगितलं. तिने हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"ताई, एक सहीच तं हाय ना," ती म्हणाली. "आजवर कदी काय झालं नाय."

मी तिला अडकलेल्या गोळीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती पोरं कोन, कुठली, तुमाला म्हाईत नाय. माझ्या पोरी तुमच्या डोल्यांसमोर हायेत."

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी लाइन बंद झाली आणि मुली पिशव्या घेऊन गेटमधून बाहेर पडल्या. काही जणी माझ्याकडे बघून हसल्या, कारण त्यांना नीट माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्या हसल्या नाहीत. वैशालीला कामावर ठेवलं होतं, पण ती डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागली. समोर आली की 'मॅडम' म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटत होतं आणि ते ज्या बाईला सांगायचं, तीच बोलत नव्हती.

पुढचे काही आठवडे मी पावडरच्या मागे होते. लाइन बंद, मशीनचा आवाज नाही, सबंध शेडमध्ये माझ्या लॅबचा पंखा तेवढा ऐकू यायचा. आणखी एक पावडर आली, तिचा दाब जास्त निघाला. ती लगेच परत पाठवली. मधे नवरात्र आलं. दरवर्षी वैशाली टेंभी नाक्याच्या देवीला यायची आणि दर्शन झालं की पूल ओलांडून पलीकडे माझ्याकडे कोपरीत चहाला. त्या वर्षी ती येणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी तिला आवडतात त्या खाऱ्या शंकरपाळ्या करून ठेवल्या. ती आली नाही. शंकरपाळ्या मी एकटीने दिवाळीपर्यंत पुरवल्या.

शेवटी आपल्याच देशातली एक पावडर सापडली. जाड दाण्याची, सावकाश जळणारी, वेगळ्या रायफलसाठी बनवलेली. काडतूस जवळजवळ गळ्यापर्यंत भरायची. धूर जास्त, नळी लवकर काळी करणारी, एकूण दिसायला-वागायला काही खास नाही. मी काडतूस कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. उभी मारली, उलटी मारली, उन्हात तापवून मारली, फ्रिजमध्ये गार करून मारली. वेग सारखाच राहिला. मी सही केली.

लाइन सुरू झाली, पण तोवर अर्धी ऑर्डर दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. अर्ध्याच मुलींना परत बोलावलं. उरलेल्या भिवंडीच्या गोदामांत पॅकिंगला लागल्या. वैशालीने त्यांना तिथे लावून दिलं आणि मग स्वतःही नोकरी सोडून तिकडेच गेली. जायच्या दिवशी ती लॅबमध्ये आली नाही.

नव्या लॉटचं पहिलं फायरिंग बघायला कंपनीची माणूस म्हणून मी रेंजवर गेले. सकाळची वेळ. ओळीने मुलंमुली उभी होती, कॉलेजातून उठून आल्यासारखी. शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाने नळी जमिनीकडे धरली होती. हुकूम झाला, ती पालथी पडली, आणि गोळ्या सुटायला लागल्या. मी प्रत्येक आवाज मोजत होते, मफ लावूनसुद्धा. एकही 'फुस्' झालं नाही. शेवटच्या मुलीने उठून गुडघ्यांची माती झटकली आणि मैत्रिणीकडे बघून हसली. इन्स्ट्रक्टरने मला बाजूला घेऊन तक्रार केली, की या वेळी धूर फार आहे, रायफली पुसताना मुलं वैतागतात. मी तक्रार लिहून घेतली.

रेंजच्या फाटकाबाहेर येऊन मी वैशालीला फोन लावला. तिने उचलला. मागे टेम्पो रिव्हर्स घेत असल्याचा आवाज होता.

"आज रेंजवर आलेले," मी म्हणाले. "नव्या पावडरची काडतुसं होती. काही झालं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्या गोळ्या नीट गेल्या. कुणाला काही झालं नाही."

"काय झालं नाय, ते सांगाला फोन केला, मॅडम?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी हो म्हणाले. ती बरं म्हणाली, माल भरायला टेम्पो लागलाय म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

आमच्या कामात चूक झाली की साक्षीदार पुष्कळ मिळतात. बरोबर केलं की एकही मिळत नाही. लॅबमधली जागा कधी भरलीच, तर नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगणार आहे, म्हणजे त्याला पुढे कुणाला फोन करावासा वाटायला नको.