म्हशीचा सूर

मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. म्हणजे करता येते, पण तिला घडी म्हणत नाहीत, बोचकं म्हणतात. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात माणूस कामाला लागला की पहिलं हेच शिकतो. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे आणि एक सणसणीत झटका द्यायचा. सुरकुत्या पळतात. मग उभी घडी, परत एक उभी घडी, आणि मग एकाने आपलं टोक धरून दुसऱ्याकडे चालत जायचं. दुसरा जागचा हलत नाही. तो टोक हातात घेतो, चालत आलेला वाकून खाली लोंबणारी दुमड उचलतो आणि तीही त्याच्याच हातात देतो. बोटाला बोट लागतं. झाली चादर. घ्या पुढची.

बाजा उभा राहायचा आणि मिस्त्री चालत यायचा. हे असंच का, ते दोघांनाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाजा हे त्याचं कागदोपत्री नाव अर्थातच नव्हे. शाळेत असताना तोंड मिटून गुणगुणायची त्याला खोड होती. गणित चाललंय आणि मागच्या बाकावरून बारीक आवाज येतोय. मास्तर वर्गभर माशी शोधत फिरले होते म्हणे. माशी सापडल्यावर तिला बाहेर उभं केलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. वडलांना गाणं म्हणजे रिकामपण वाटायचं. "गुणगुणून पोट भरणार आहे का?" असं ते विचारायचे, आणि नाहीच भरणार होतं, म्हणून पोरगा धुलाईघरात लागला. लागला तो केस पांढरे व्हायला लागले तरी तिथंच होता. लग्न केलं नाही. दोन-तीन ठिकाणचं बघणं झालं, पण प्रत्येक वेळी त्याला थोरल्या बहिणीचे गुडघे आठवायचे. "ताईला कोण बघणार?" एवढंच म्हणायचा. ताई शेजारणींना सांगायची, "माझ्या गुडघ्यांमुळं याचं लग्न राहिलं म्हणतो. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा याची चाळिशी उलटली होती!"

दोघं भावंडं दोन खोल्यांत राहायची. तिचा जीव होता त्याच्यावर. पण काही गोष्टी ती विचारायची नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती.

धुलाईघरात कपडे वाळवायचं एक जुनं अगडबंब यंत्र होतं. त्याला सगळे म्हैस म्हणायचे. काळं, पोट सुटलेलं, तोंड उघडलं की गरम वाफ, आणि दिवसभर एका सुरात हंबरणं. नवा माणूस पहिले आठ दिवस कानात बोळे घालायचा. बाजाचं उलटं होतं. लहानपणापासून तो जो खालचा सूर लावून गुणगुणायचा, नेमका तोच म्हशीचा सूर होता. तिच्या हंबरण्यावर आवाज ठेवला की गळा आपोआप सरळ चालायचा. म्हणून धुलाईघरात तो मिटल्या तोंडाने नाही, चांगला तोंड उघडून गायचा. म्हशीपुढं ऐकू जाणार कोणाला?

मिस्त्रीला गेलं.

मग यंत्रं बघायला मिस्त्री आला. बाजापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. हडकुळा, मान थोडी एका बाजूला, कायम काहीतरी ऐकत असल्यासारखा. यंत्र बिघडलं की तो लांब पेचकस घ्यायचा, टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. डॉक्टर छाती तपासतो तसं. पहिल्याच आठवड्यात म्हशीला असं तपासता तपासता त्याची बोटं यंत्राच्या पत्र्यावर हळूच ठेका धरायला लागली. बाजा चादर ओढत होता, गात होता. ठेका कानावर आला तसा तो गप्प झाला.

"थांबलात का?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणजे ऐकू येतं?"

"मला दुसरं काय येतं? यंत्राच्या आवाजातून काय वेगळं वाजतंय ते ऐकायचं, हाच माझा धंदा. चालू द्या."

तेव्हापासून ते चाललं. यंत्रं नीट असली की मिस्त्रीला दुपारनंतर काम नसायचं. तो घडी घालायला बाजासमोर उभा राहू लागला. झटक्यावर सम यायची. बाजा एखादी ओळ लांबवत न्यायचा आणि मिस्त्री टोक घेऊन बरोबर समेवर त्याच्यापाशी पोचायचा. कधी बाजा मुद्दाम ओळ लांबवायचा, तेव्हा मिस्त्रीची पावलं आपोआप बारीक व्हायची.

मळके कपडे निवडणारी मावशी हे सगळं बघायची. जीभ तिखट, मन मऊ. "काय हो मिस्त्री," ती ओरडायची, "दहा पावलांवर जायला मुहूर्त बघताय का?"

"मावशी, चादर लांब आहे."

"चादर सगळ्यांचीच लांब असते बाबा. बाकीच्यांना एवढा वेळ नाही लागत!"

कामावरच्या बायका हसायच्या. बाजाचे कान तापायचे. मिस्त्री मात्र चादर उचलून पुढची घ्यायचा.

अशी वर्षं गेली. दोघं डबा बरोबर खायचे. काल रेडिओवर काय ऐकलं ते सांगायचे, कोण कुठं घसरला, कोणी जागा कशी सुंदर घेतली, त्यावर भांडायचे. भांडण रंगलं की मिस्त्री चमच्याने डब्यावर वाजवून दाखवायचा आणि झाकण खाली पडायचं. दोघंही एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत. मिस्त्री एकटाच राहतो, एवढं बाजाला ठाऊक होतं. त्यापुढचं विचारावं असं फार वाटायचं, म्हणूनच विचारलं नाही.

मग म्हशीच्या आवाजात खरखर यायला लागली.

"बेअरिंग गेलंय," मिस्त्री म्हणाला. "इकडं या." त्याने पेचकस टेकवून मूठ बाजाच्या कानाला लावली. स्वतःचं डोकंही जवळ आणलं, जणू त्यालाही त्याच मुठीतून ऐकायचं होतं. बाजाला आत दगड दळल्यासारखं ऐकू आलं. त्याहून जास्त शेजारच्याचा श्वास ऐकू आला. बराच वेळ बाजा "हं, हं" करत राहिला. एवढं ऐकण्यासारखं बेअरिंगमध्ये काही नव्हतं.

मुख्य कचेरीतून नवं बेअरिंग आलं. मिस्त्रीने सुट्टीच्या दिवशी येऊन ते बसवलं. दुसऱ्या दिवशी म्हैस सुरू झाली आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हंबरणं बंद! नुसता वारा वाहिल्यासारखा सूं-सूं आवाज.

बाजाने गायला तोंड उघडलं आणि सूर सापडेना. एकदा वर लागला, एकदा खाली. उघड्यावर कपडे काढल्यासारखं वाटून तो गप्प बसला. दोन दिवस घड्या नुसत्या झटक्यावर झाल्या. मिस्त्री यायचा, टोक द्यायचा, जायचा.

तिसऱ्या दिवशी डबा खाताना बाजा म्हणाला, "जुनंच बरं होतं." हसत म्हणाला, पण हसू काही जमलं नाही.

मिस्त्रीने डब्याचं झाकण लावलं. पुढच्या सुट्टीनंतर म्हैस सुरू झाली आणि पहिल्यासारखी हंबरली. बायकांनी कपाळावर हात मारला. मिस्त्री बाजाच्या समोर येऊन उभा राहिला, कोपरे हातात घेतले आणि म्हणाला, "ऐक."

इतकी वर्षं 'ऐका' होतं. बाजाने ऐकलं. जुनं बेअरिंग धुऊन, नवं ग्रीस भरून मिस्त्रीने परत बसवलं होतं. आपला सूर परत आलाय हे बाजाला कळलं, आणि तो कोणी, कशासाठी आणला, तेही कळलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने गाणं सुरू केलं.

"किती दिवस टिकेल?" मागून कधीतरी त्याने विचारलं.

"मी लक्ष ठेवतो. रोज ऐकतो ना."

आणि तो ऐकायचाही. पण म्हशीच्या सुरावर दुसरा सूर लागलेला असताना मिस्त्रीचा कान कुठं असायचा, हे मावशीनेसुद्धा सांगितलं असतं. इतर कुठल्याही यंत्राची खरखर त्याने चार खोल्यांपलीकडून ओळखली असती. या एकाच यंत्राची वाढत गेली ती त्याच्या कानातून निसटली.

भर दुपारी बेअरिंग अडकलं, तापलं, आणि कापडाचा जो भुसा यंत्रात साचतो तो पेटला. मिस्त्रीने धावत जाऊन वीज तोडली, वाफ बंद केली. कोणाला इजा झाली नाही. पण म्हैस आतून जळाली आणि तिच्या पोटातल्या चादरींचा कोळसा झाला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर रोगी उघड्या गाद्यांवर पडून होते. एका बाईचं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. तिचा नवरा खाली येऊन धुलाईघराच्या दारात उभा राहिला. भांडला नाही, नुसता बघत राहिला. बाजाला ते भांडणापेक्षा जड गेलं.

चौकशीला धुलाईघराच्या मुकादमाच्या खोलीत कचेरीतले साहेब बसले. मिस्त्री उभा, आणि साक्ष द्यायला बाजा आणि मावशी भिंतीला टेकून. टेबलावर मिस्त्रीच्या पेटीत सापडलेलं नवं कोरं बेअरिंग ठेवलं होतं, तेलकट कागदात गुंडाळलेलं.

"हे बसवायला दिलं होतं ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग तुमच्या पेटीत काय करतंय?"

मुकादम मध्येच म्हणाला, "अहो, आधी बसवलं होतं याने. यंत्र गप्प झालं होतं. मग काढलं. चांगलं बसवलेलं काढून जुनं कोण लावतं, साहेब? ज्याला नवं बाहेर नेऊन विकायचंय तोच ना?"

बाजापाशी एक वाक्य होतं. मला सूर हवा होता, म्हणून माझ्यासाठी लावलं. त्याने भिंतीवरून पाठ काढली.

"साहेब..." तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मिस्त्रीनेही. आणि मिस्त्री साहेबांकडे वळून, यंत्राचा दोष सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणाला, "विकायचं होतं मला."

"तुम्ही काय म्हणत होता?" साहेबांनी बाजाला विचारलं.

मावशी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आज चेष्टा नव्हती. बोल की मेल्या, असं ते डोळे म्हणत होते.

"काही नाही," बाजा म्हणाला. "पाणी पिऊन येऊ का, विचारत होतो."

मिस्त्रीला त्याच दिवशी काढलं. पोलिसांत दिलं नाही, हे उपकार म्हणून सांगितलं. संध्याकाळी तो मागच्या फाटकापाशी सायकलला पेटी बांधत होता. दोरी पुनःपुन्हा सुटत होती. बाजा गेला आणि पेटी धरून उभा राहिला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"मी सांगायला पाहिजे होतं," बाजा म्हणाला.

"काय सांगणार होतास?"

"की मला सूर हवा होता."

"बरं. मग ते म्हणाले असते, त्याला सूर हवा होता तर तू कशाला यंत्र जाळलंस?" मिस्त्रीने गाठ आवळली. "मग मी काय सांगायचं होतं? त्यांच्यापुढं? त्या मुकादमापुढं? चोर म्हणाले ते बरं. चोर सगळ्यांना समजतो."

बाजा पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"आता तर साहेब नाहीत," मिस्त्री हळू म्हणाला. "माझी मावसबहीण आहे लांब, तिच्या गावी गिरण्या आहेत, काम मिळेल. खोलीही मिळेल. दोघांना पुरेल एवढी." तो थांबला. मान नेहमीसारखी एका बाजूला झाली, ऐकायला. "बोल काहीतरी."

गळ्यात सगळं होतं. पण मागं म्हैस नव्हती, सगळीकडे नुसती शांतता, आणि शांततेत बाजाला कधी सूर लागला नव्हता.

"डबा खाल्लास का?" त्याने विचारलं.

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मग हसला, अगदी मनापासून. "खाल्ला," म्हणाला. सायकलवर बसला आणि गेला. वळणापर्यंत त्याचं डोकं दिसत होतं. बोटं सायकलच्या मुठीवर ठेका धरत होती की नव्हती, ते एवढ्या लांबून कळलं नाही.

धुलाईघरात नवं यंत्र आलं. ते वाळवतं, इस्त्री करतं आणि घडीही घालतं. चादर एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने पाटीसारखी चौकोनी बाहेर येते. बाजाचं काम एवढंच की ती उचलायची आणि रचायची. समोर कोणी लागत नाही. यंत्र आवाजच करत नाही म्हटलं तरी चालेल. मावशी पूर्वी बडबडायची, तीही आता त्याच्याजवळून जाताना नुसती खांद्यावर हात ठेवते आणि पुढं जाते. त्याचं गुणगुणणंही थांबलंय. नव्या माणसांना त्याला बाजा का म्हणतात ते ठाऊक नाही.

एका सुट्टीला ताईने दोरीवरच्या चादरी काढल्या. "ये रे, धर जरा," तिने हाक मारली. दोघं समोरासमोर उभी राहिली, झटका दिला, उभी घडी घातली, परत घातली. मग बाजा सवयीने थांबला. ताईही थांबली.

"अरे, ये की! माझ्या गुडघ्यांनी मी येऊ होय तुझ्याकडं?"

तेव्हा तो चालायला लागला. खोली ती केवढीशी, चार-पाच पावलांची. टोक दोन्ही हातांनी पुढं धरून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. आपण वर्षानुवर्षं जागचे न हलता उभे राहिलो, आणि हे एवढं अंतर दर वेळी मिस्त्री चालून आला. मध्येच बाजाचा पाय अडला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही."

त्याने टोक तिच्या हातात दिलं, वाकून खालची दुमड उचलली, तीही दिली. ताईने चादर छातीशी धरून त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होती. मग म्हणाली, "उशांचे अभ्रे राहिलेत," आणि आत गेली.

अभ्रे लहान असतात. ते त्याने एकट्यानेच घडी करून ठेवले.