अम्मीची तिसरी हाक

तिसरी हाक कानात आली आणि मी हेडफोन काढून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. भर दुपार, तळेगावातलं आमचं ऑफिस, एसीची घरघर. तरी अंगावर काटा आला.

मी गेम टेस्टर आहे. लोकांना वाटतं, ही दिवसभर खेळते आणि पगार घेते. खरं तर एकच दार कंटाळा येईपर्यंत उघडायचं आणि कंटाळा आल्यावरही उघडायचं, हे माझं काम. त्या वेळी आमच्या भुताच्या गेमच्या दुसऱ्या भागाचा रिमास्टर आला होता. म्हणजे गेम जुनाच, चित्र नवं आणि आवाज धुऊन काढलेला. पहिला भाग शेजारच्या स्क्रीनवर लावून मी तुलना करत होते.

दोन्ही भाग आमच्याकडच्या एका समजुतीवर उभे आहेत. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तर ती जित्या माणसाची, मगच ओ द्यायची. गेममधलं भूतही दोनदाच बोलावतं. त्याला ओ दिली की खेळ खलास. पहिल्या भागात हे चोख होतं. रिमास्टरमध्ये मात्र दोन हाकांनंतर लांबून भुताच्याच, त्या बाईच्या आवाजात हाक आली, "युनूस..."

गेममध्ये युनूस कोणी नाही. ऑफिसात आहे. साउंडचे युनूसभाई, जवळच्याच नवलाख उंबरे गावचे. दुसऱ्या भागातल्या भुताला आवाज त्यांच्याच अम्मीचा होता. अम्मी जाऊन वर्ष झालं होतं.

मी हेडफोनच त्यांच्या हातात दिले. ऐकून त्यांनी ते काढले.

"मी दोनच घेतल्या हुत्या, ताई. तिसरी दे म्हणलं तर अम्मी न्हाई म्हणली. म्हणली, ती खेळासाठी मारायची नसती."

मूळ रेकॉर्डिंग काढलं. दोन हाका, मग नुसता भणाणणारा वारा. कान देऊन ऐकलं तेव्हा वाऱ्याच्या तळाशी ती तिसरी हाक होती. रिमास्टरच्या सॉफ्टवेअरनं वारा पुसला आणि ती वर आली.

"घरीच घेतलं हुतं हे. झाल्यावर मी सामान ठेवाय गाडीकडं गेलतो," युनूसभाई म्हणाले. "रेकॉर्डर चालूच ऱ्हायला असंल. जेवाय बोलवत असंल ती. मला न्हाई ऐकू आलं."

बॉसला ऐकवलं, तो मात्र खूश. "जबरदस्त! राहू दे हे."

"सर, तिसरी हाक जित्या माणसाची समजून प्लेअर ओ देणार. कोडमध्ये ते भूतच आहे. प्लेअर मरेल."

"मरू दे की. भुताचाच गेम आहे ना?"

युनूसभाई शांतपणे म्हणाले, "माझ्या अम्मीच्या हाकेला ओ देऊन कोण मरायचं न्हाई, सर."

मला बॉसचा संताप आला होता. मी हा बग, म्हणजे गेममधली चूक, 'क्रिटिकल' म्हणून नोंदवला. असा बग मिटल्याशिवाय गेम बाहेर जात नाही. बॉसनं कपाळाला हात लावला आणि तुकडा कापायला सांगितला.

कापायला युनूसभाईच बसले. त्याआधी त्यांनी तो एकदा स्पीकरवर लावला. दोन हाका गेल्या. तिसरी आली.

"ओ अम्मी, आलो," ते मोठ्यानं म्हणाले.

स्पीकरमधून ताट मांडल्याचा आवाज आला. इतक्या वेळा ऐकूनही तो आम्हाला दोघांनाही आधी ऐकू आला नव्हता.

गेम वेळेवर बाहेर पडला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, चित्र दुसऱ्या भागाचं सरस, भीती पहिल्याची. धडा एवढाच, की जुना आवाज धुवायला घेण्याआधी तळाशी कोण आहे ते बघून घ्यावं.