चँडलरची चिनी भिंत

हसू नका असं मी म्हणणारच नाही, कारण हा घोळ मी एकट्याने, पूर्ण शुद्धीत आणि प्रचंड उत्साहात घातलाय!

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट. मी अमेरिकेत, चँडलरमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत, आणि बायको मुग्धा आर्किटेक्ट. तिला पहिल्यांदाच स्वतःचं असं काम मिळालं होतं. लिंडा नावाच्या डेंटिस्टबाईंचं क्लिनिक. मुग्धाने ते जुन्या चिनी घरांवरून बेतलं होतं. मधोमध अंगण, अंगणात एक झाड, छपराचा सगळा भार लाकडी खांबांवर. त्यामुळे भिंतींना काही उचलायचं कामच नाही, नुसती काच! रोज जेवताना हेच ऐकून ऐकून मीही अर्धा आर्किटेक्ट झालो होतो. म्हणजे, मला तसं वाटत होतं.

एका शनिवारी लिंडाबाई साइट बघायला आल्या आणि मुग्धा नेमकी फोनवर काचवाल्याशी भांडत होती. मला खूण करून म्हणाली, "जरा सांभाळ रे त्यांना."

जरा? अहो, मी सुटलोच! खांब दाखवले, छपराच्या वर वळलेल्या कडा दाखवल्या. बाई "वाव, वाव" करताहेत आणि मला चेव चढतोय! एवढ्यात दारासमोरच एक उंच, पांढरी भिंत दिसली. मुग्धा हिच्याबद्दल कधी बोलली नव्हती. पण मी कुठेतरी वाचलं होतं ना!

"ही बघा! चिनी घरांत दारासमोर अशीच भिंत असते. वाईट आत्मे फक्त सरळ चालतात. इथे आपटतात आणि परत जातात!"

"ओ माय गॉड, आय लव्ह इट!"

मागे उभा असलेला कॉन्ट्रॅक्टर स्टीव्ह खाकरला. "सर, ॲक्चुअली, दॅट वॉल..."

"वन मिनिट, स्टीव्ह!" असा श्रोता काय रोज मिळतो?

मुग्धा आली, तर लिंडाबाईंनी तिला मिठीच मारली. "दॅट स्पिरिट वॉल! आय वॉन्ट इट इन रेड!"

मुग्धाने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत भिंतीकडे. "शुअर," म्हणाली.

गाडीत बसल्यावर कळलं. रंग मारलेलं प्लायवूड होतं यार ते! मागच्या फुटक्या फरश्या आणि सिमेंटची पोती झाकायला स्टीव्हने सकाळीच उभं केलेलं. आणि दार उघडताच थेट झाड दिसावं, यासाठी तर तिचं सगळं डिझाइन होतं!

"अगं, मग खरं सांगून टाकू ना त्यांना."

"काय सांगू? माझ्या नवऱ्याने कचऱ्याचा आडोसा तुम्हाला चिनी संस्कृती म्हणून विकला?"

त्यानंतर घरात मीठ मागायलाही मला भीती वाटायची. मुग्धा मात्र ड्रॉइंगला चिकटून बसली होती. आणि एका सकाळी तिने माझ्या पोह्यांशेजारी कागद आपटला. लाल भिंत होती, पण तिच्या मधोमध भलंमोठं गोल दार, चिनी बागांमध्ये असतं तसं. आणि त्या गोलात बरोब्बर झाड!

लिंडाबाई तर नाचल्याच! क्लिनिक सुरू झालं त्या दिवशी दाढ दुखणारे पेशंटसुद्धा त्या दारात उभे राहून हसरे फोटो काढत होते. मुग्धाला तिथल्या तिथे दोन नवी कामं मिळाली. मी आनंदाने फुगलो होतो, आणि त्याच भरात एक शंका काढली.

"अगं मुग्धा, पण मधोमध दार केलंस, तर वाईट आत्मे सरळ आत येतील की!"

"येऊ देत," ती म्हणाली. "ते निदान माझ्या क्लायंटशी बोलत नाहीत."