चपलांशेजारची जागा

आमचे पाळकसाहेब देवानं नेमलेले होते. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या कँटोन्मेंट भागात तमिळ मंडळीची उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची भरायची. बहुतेक घरं बेळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेली. माझे बाबा फिटर होते, चर्चचे पंच होते, आणि उपासनेनंतर मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्गही घ्यायचे. छडी घेऊन.

चर्चमागच्या खोलीत झाडलोट करणारी एक म्हातारी विधवा राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. पाळकसाहेबांनी तिला बाहेर काढलं आणि त्या खोलीत आपला बेकार मेहुणा आणून ठेवला. पंचांच्या बैठकीत बाबांनी मान डोलावली. घरी मात्र जेवायला बसले की सुरू, "हा कसला पाळक? मेंढराला हाकलून लांडगा पोसतोय." आठवडाभर आम्ही तेच ऐकत जेवलो.

रविवारी उपासना संपताना आई बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि तेच वाक्य जसंच्या तसं पाळकसाहेबांना ऐकवलं. वाक्य कुणाचं ते तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, ज्याचं आहे तो उठेल. बाबा गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधत बसले.

पाळकसाहेब चिडले नाहीत. त्यांना शास्त्रातली गोष्ट आठवली. देवानं नेमलेल्या मोशेविरुद्ध त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तेव्हा तिच्या अंगावर कोड फुटलं आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. म्हणून आईनं सात रविवार व्हरांड्यात, चपला काढायच्या जागेशेजारी बसायचं. प्रभुभोजन बंद. बाहेर पडणारी तमिळ मंडळी आधी तिच्याकडे बघायची, मग आपल्या चपला शोधायची. आणि आत बाबा आम्हाला रविवारमागून रविवार मिर्यामचाच धडा शिकवायचे, खणखणीत आवाजात. दार उघडं ठेवायची पाळकसाहेबांची आज्ञा होती. मला बाबांची किळस यायची.

सातव्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "मिर्यामसाठी तिच्या भावानं, अहरोनानं रदबदली केली. तशी पंचांनी करावी आणि बाईंना हाताला धरून आत आणावं."

बाबा उठले. "साहेब, बाईमाणूस आहे, चुकली. तिला क्षमा करा." मग ते व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले.

"चल. मिटलं सगळं," ते हळूच म्हणाले आणि हात पुढे केला.

आई जागची हलली नाही. "मिर्याम एकटी कुठं कुरकुरली होती? अहरोन संगट होता की. आणि क्षमा मागताना दोघांचं पाप म्हणून मागितली त्यानं. सात रविवार धडा घेतलासा, तेवढं गाळलासा."

"स्वल्प हळू बोल. आत ऐकू जातंय."

"सरी, बरं. मग आत जाऊन तुम्हीच मोठ्यानं सांगा, कुणाचं बोलणं होतं ते. लगेच येते मी."

एवढंच हवं होतं तिला. बाबांनी हात मागे घेतला, कोटाला पुसला आणि आत गेले. "यायचं नाही म्हणते," त्यांनी सांगितलं. कोड अजून गेलेलं नाही, असं म्हणून पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

मग आमची शाळा भरली. त्या दिवशी धडा नवा होता. याजक निवडायला सगळ्या वंशांच्या काठ्या देवापुढे ठेवल्या आणि एकट्या अहरोनाच्या काठीला कळ्या आल्या. बाबांनी मला उठवून विचारलं, "देवानं कुणाला निवडलं?"

दार उघडंच होतं.

"जो गप्प आत येऊन बसला, त्याला," मी म्हटलं.

बाबांनी छडी उचलली. तिला कळ्या आलेल्या नव्हत्या. त्यांनी सांगायच्या आधीच मी हात पुढे केला. देवानं नेमलेल्यांची आज्ञा पाळायची, एवढं आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं.