हातभर शेवाळ

रविवार, चार मे. भालेराव अप्पांचं घर आवरायचं होतं. त्यांची मुलगी सुजाता जपानहून चार दिवसांच्या रजेवर आली, सगळे विधी उरकले आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेली. कपडे वाटून टाकायचे, भांडी विहारात द्यायची, घरमालकाला खोल्या मोकळ्या करून द्यायच्या. मी सकाळी नऊला सुरुवात केली.

अप्पा शेवगावला आमच्या कॉलेजात तीस वर्षं माळी होते. मी तिथली ग्रंथपाल. त्यांचे हात कधी रिकामे नसत. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असलं तरी हे मांडवाच्या कडेला उकिडवे बसून गवत उपटत असायचे. पावसाळ्यात रोज सकाळी हौदाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खुरप्यानं खरवडायचे. एकदा तिथं घसरून एका मुलीचा हात मोडला होता, तेव्हापासूनचा हा नेम. म्हणायचे, "शेवाळ दिसलं की मला मानूस पडताना दिसतं, मॅडम."

ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची बायको गेली. सुजाता जपानमध्ये इंजिनिअर. तिनं त्यांना बोलावून घेतलं. व्हिसा तीन महिन्यांचा. ती सकाळी सातला बाहेर पडायची, रात्री नऊला यायची. घर सहाव्या मजल्यावर. दहा मिनिटांच्या अंतरावर कुठल्याशा जुन्या सरदाराची बाग होती, साडेतीनशे वर्षांपूर्वीची. तिनं वर्षाचा पास काढून दिला, दोनदा बरोबर जाऊन रस्ता दाखवला. त्यानंतर अप्पा रोज एकटे जाऊ लागले आणि मोबाईलवर बोलून मला पाठवू लागले. मी ते डबा करता करता ऐकायचे.

"हितं बाग एकदम दिसत न्हाई, मॅडम. आपल्याकडं फाटकातून डोकावलं की समदं दिसतं. हितं एका वळनाला एकच झाड दावत्यात. म्होरं गेल्याबिगर तळं हाय का न्हाई ते कळत न्हाई."

तो वसंत होता. चेरी आठ दिवसांत फुलून गळाली, पाकळ्या तळ्यावर तशाच तरंगत ठेवल्या, हे त्यांना पटलं नव्हतं. मग तळ्याकाठची जांभळी फुलं आली. एक म्हातारा शिडीवर चढून पाइनचे कोवळे शेंडे हातानं खुडत होता, ते त्यांनी रोज जाऊन पाहिलं. "एका झाडाला तीन दिस! आपल्याकडं मला मेमो आला असता."

बागेतल्या कामगारांशी ते मराठीत बोलायचे. ते लोक काम थांबवून वाकायचे. "जल्मात मला येवढ्या लोकांनी वाकून नमस्कार केला न्हवता. मीबी जयभीम म्हनतो." मी हसले होते. तीन महिन्यांत दिवसाउजेडी त्यांचं कुणाशी तेवढंच बोलणं होत होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला ते शरदात गेले. मेपल लाल झाले होते. बर्फानं फांद्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक पाइनच्या मधोमध उंच बांबू रोवून, त्याच्या टोकापासून फांदीफांदीला दोरी बांधायचं काम चाललं होतं. त्याचे त्यांनी मला अकरा फोटो पाठवले. आणि काही बायका शेवाळावर गुडघे टेकून हातातल्या बारीक हत्यारानं काहीतरी वेचत होत्या. अप्पांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी न राहवून बाजूच्या दगडी पायरीशी बसले आणि कामाला लागले. अर्ध्या तासात हातभर पायरी घासूनपुसून पांढरी केली.

बायका वेचत होत्या ते शेवाळात उगवलेलं गवत. शेवाळ तर तिथं जिवापाड जपलेलं होतं. त्या पायरीवरचं अप्पांपेक्षाही जुनं होतं.

कुणी ओरडलं नाही. सुजाताला ऑफिसातून बोलावून घेतलं. ती पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत राहिली आणि अप्पा शेजारी उभे. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता तुम्ही घरीच बसा, अप्पा. मला याच गावात राहायचंय."

आठ दिवस ते सहाव्या मजल्यावर बसून राहिले. नवव्या दिवशी तिला न सांगता गेले. त्या जागेभोवती बारीक दोरी लावलेली होती. परत यायच्या दिवसापर्यंत ते रोज त्या दोरीबाहेर उभे राहून आले.

शेवगावात परतल्यावर ते रोज दुपारी चारला ग्रंथालयात येऊ लागले. तीस वर्षांत कधी दाराच्या आत आले नव्हते. मी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढून दिलं. चष्मा लावून शेवाळाचीच पानं पुन्हा पुन्हा वाचायचे. फेब्रुवारीत एकदा पुस्तक मिटून म्हणाले, "तिकडं जूनमधी पाऊस असतो. पायरी भरून आली का, तेवढं बघायचंय मला. मी इचारलं तर पोरीला वाटंल, बाप परत कायतरी करून ठेवील. तुमी बोला तिच्याशी. लांबून बघंन, खिशात हात घालून."

परीक्षा झाल्या की बोलते, असं मी म्हटलं. परीक्षा झाल्या. बाप-लेकीच्या मधे तिसऱ्यानं पडू नये, असं मला वाटत होतं, आणि पुस्तकांची साठा-तपासणीही होती. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. येऊन नुसतं विचारायचे, "लई काम हाय का?" मी हो म्हणायचे.

एप्रिलमध्ये ते झोपेतच गेले. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी फोडलं. सुजातानं मला विचारलं, "अप्पा माझ्याबद्दल काही बोलायचे का?" मी म्हटलं, काही नाही, मजेत होते. अशा वेळी असंच सांगायचं असतं असा माझा समज.

तर रविवारी दुपारी मी कपाटाचा खालचा खण उघडला. आत भरून ठेवलेली बॅग होती. दोन स्वेटर, शेंगदाण्याच्या चटणीची तीन पाकिटं आणि एक रेनकोट, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. शेवगावात भर उन्हाळ्यात रेनकोट कोण घेतं? मी बॅग तशीच बंद केली आणि बाकीचं घर दोनपर्यंत संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, म्हणजे तिकडच्या साडेनऊला, सुजाताला फोन केला. घर रिकामं झाल्याचं सांगितलं. मग सांगितलं की अप्पांना परत तुझ्याकडे यायचं होतं, तुला विचारायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते केलं नाही.

ती म्हणाली, "मी त्यांना 'घरीच बसा' असं बोलले होते ना. मला वाटलं, त्यांना आता इथं यायचंच नाही. म्हणून मी बोलावलं नाही."

तिनं फोन ठेवेपर्यंत मी तो कानाला धरून ओट्याशी उभी राहिले.