शपथेचा तारा

हमूदच्या जिभेला हाड नव्हतं. वाळवंटाच्या कडेला त्याच्याशी संसार करणाऱ्या नसराचं अर्धं आयुष्य नवऱ्याच्या शपथा निस्तरण्यात गेलं. ‘उंटीण आज व्याली तर नसराला तलाक,’ असं एकदा म्हणाला, ती दुपारीच व्याली. ‘पाहुणे न जेवता गेले तर तलाक,’ म्हणाला, पाहुणे गेले. दोन्ही वेळा वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून तिला परत नांदायला पाठवलं. तिसऱ्या तलाकानंतर मात्र परत येणं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला होता. सुहैल तारा पहाटे दिसला की उंटिणीच्या पिलाचं तोंड त्याच्याकडे करायचं, एक चापट द्यायची आणि दूध तोडायचं, ही तिथली रीत. पण दक्षिणेला कित्येक दिवस धूळ होती. नसराला ती धूळ हवीशीच वाटत होती. पिल्लू अशक्त होतं, जरा आणखी पिऊ दे, असं तिचं म्हणणं.

एका पहाटे धुळीतून खाली एकच तारा लुकलुकला.

“आला सुहैल! बांधा उंटिणीचे सड, पिलाचं दूध बंद!” हमूद ओरडला.

नसराचा धाकटा भाऊ खल्फान तिथेच कॉफी पीत होता. “दाजी, एवढासा सुहैल असतो होय? काल काय खाल्लंत?”

“सुहैल उगवला नसेल तर तुझ्या बहिणीला तिसरा तलाक!”

नसराच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. धूळ जराशी विरली आणि तारा नीट दिसला. तो होता मुहलिफ. सुहैल समजून लोक ज्याच्यावर शपथा घेतात आणि फसतात, तो. मुहलिफ म्हणजे शपथ घ्यायला लावणारा, त्याचं नावच त्यावरून पडलेलं.

हमूद मटकन खाली बसला. “नसरा, मी काय केलं गं?”

तिला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. या वयात भावाच्या दारात जाऊन राहायचं? आणि या माणसाची दुखरी पाठ शेकायची कोणी?

ती त्या ताऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सालिमच्या बापा, काय बोललास? पुन्हा सांग, जसंच्या तसं.”

“सुहैल उगवला नसेल तर...”

“मग रडतोस काय! हा मुहलिफ सुहैलच्या आधी कधी उगवलाय? रोज त्याच्या मागनंच येतो ना? हा आलाय म्हणजे तो केव्हाच वर जाऊन धुळीत बसलाय.”

खल्फानने आ वासला. “आक्का, खरंच की!”

उजाडायच्या आत वाऱ्याने धूळ हटवली. वर, उजवीकडे, सुहैल ठसठशीत उभा होता. नसरा हसत हसत वाळूत बसली आणि मग रडली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, सुहैल उगवला म्हणजे आता पिलाचं दूध तुटणार. ती काही बोलणार, तोच हमूद उठला आणि त्याने पिलाला स्वतः आईपाशी नेऊन सोडलं. “पिऊ दे त्याला. हवं तितके दिवस.”

पुढच्या वर्षी सालिम सैन्यातून दुर्बीण घेऊन आला. “आई, बघ, तुझा मुहलिफ एक नाहीच. दोघं आहेत, अगदी शेजारी शेजारी.”

नसराने बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावला. मग ती हमूदच्या हातात दिली.

“बघ. आणि तोंड मिटून बघ.”